आत्मचरित्रातली माझी ओळ

‘आत्मचरित्र’ हा शब्द ज्याने कोणी काढला, त्याला एकदा आमच्या घरी आठवडाभर राहायला पाठवा. मी त्याच्या केसालाही धक्का लावणार नाही. फक्त बाबांच्या समोर खुर्ची टाकून, हातात पेन देऊन बसवीन आणि बाहेरून कडी लावून घेईन.

खरं तर हा शब्द माझ्या पोटापाण्याचा. मी शाळेत भाषा शिकवतो. ‘चरित्र आणि आत्मचरित्र यांतील फरक स्पष्ट करा’ हा प्रश्न मी जवळजवळ दर परीक्षेत घालत आलो आहे. दुसऱ्याने लिहिलं की चरित्र, आपलं आपण लिहिलं की आत्मचरित्र. दोन ओळींचा मामला. दर वर्षी कोणीतरी महाभाग लिहितो, ‘चरित्र मोठ्या माणसाचे असते, आत्मचरित्र कोणाचेही असते.’ त्याला मी भोपळा देतो. आता वाटतं, तेवढ्यांनाच हा विषय कळला होता.

तर एका सकाळी बाबा चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, ‘‘मला आत्मचरित्र लिहायचंय. उद्यापासून लिहायला बस.’’

‘‘तुम्हाला लिहायचंय, तर मी कशाला बसू?’’ मी साधा प्रश्न विचारला. माणसाने साधे प्रश्न विचारू नयेत.

बाबांनी उजवा हात पुढे केला. तो थरथरत होता. बशीत चहा सांडलेला होता, तोही त्यांनी मला बोटाने दाखवला. पुरावा दाखवल्याशिवाय बाबा काही बोलत नाहीत. ते जन्मभर वजनमापे निरीक्षक होते. दुकानादुकानात जाऊन काटे तपासायचे, खोटी वजनं जप्त करायची, खऱ्यांवर शिक्का मारायचा. नोकरी सुटली, पण शिक्का मारायची सवय सुटली नाही. आमच्याकडे दूधवाला माप ओतताना अजून देवाचं नाव घेतो.

मी बसलो. पहिल्याच दिवशी बाबांनी किराणावाल्याचा किस्सा सांगितला. पारड्याखाली मेण चिकटवणारा किराणावाला, बाबांना बघताच मागच्या खिडकीतून उडी मारून शेजारणीच्या धुण्याच्या बादलीत पडला. मी खूश झालो. लेखणी झरझर चालली. पान भरलं आणि बाबा म्हणाले, ‘‘फाडून टाक.’’

‘‘का?’’

‘‘हे एकदा सांगून झालं. अजून दोनदा सांगायचंय. वजन एकदा ठेवून काटा बघतो तो गिऱ्हाईक. तीनदा ठेवून बघतो तो निरीक्षक. मी तीन वेगवेगळ्या दिवशी सांगणार, आणि तिन्ही वेळा जे जुळेल तेवढंच तू लिहायचं. बाकीची हवा.’’

दुसऱ्या वेळी किराणावाला मागच्या दाराने पळाला. तिसऱ्या वेळी त्या दुकानाला मागे खिडकीच नव्हती, दारही नव्हतं आणि शेजारीणबाई माहेरी गेल्या होत्या. शेवटी माझ्या हाती उरलं काय? ‘दुकानदार पळाला.’ बस. बादली गेली, मेणसुद्धा गेलं, कारण एकदा ते मेण होतं आणि एकदा चिंच. फक्त एक मांजर तिन्ही वेळा साखरेच्या पोत्यावर बसलेलं होतं, तिन्ही वेळा पांढरं होतं आणि तिन्ही वेळा त्याने बाबांकडे बघून जांभई दिली होती. त्यामुळे मांजराला अर्धं पान मिळालं. मी भाषेचा शिक्षक आहे हो. माझ्या डोळ्यांदेखत रस वाहून जात होता आणि चोथा वहीत उतरत होता.

तरी मी मुकाट्याने लिहीत होतो. का, ते सांगतो. मी एका प्रसंगाची वाट बघत होतो. माझ्या. बाबांनी आजवर मला कधी चांगलं म्हटलं नाही, वाईटही म्हटलं नाही. शाळेत निबंधात पहिला आलो तेव्हा त्यांनी बक्षिसाचा पेला हातात घेऊन म्हटलं होतं, ‘‘आत पोकळ आहे.’’ पेला पोकळच असतो, पण ते कोणाला सांगायचं? एवढं मोठं आयुष्य सांगायला बसलेला माणूस कधी ना कधी मुलापाशी येईलच, आणि आला की काहीतरी बोलेलच, ह्या आशेवर माझं पेन चाललं होतं.

आधी ताई आली. माझी थोरली बहीण. तिने लहानपणी एक ग्रॅमचं सरकारी वजन गिळलं होतं. हा प्रसंग बाबांनी तीनदा सांगितला आणि तीनदा हुबेहूब जुळला. वरच्या कार्यालयाला पाठवलेल्या पत्राच्या मसुद्यासह. सरकारी मालमत्ता परत मिळेपर्यंत बाबांनी रजा टाकली होती. परत मिळाल्यावर ती स्वच्छ धुऊन काट्यावर घातली आणि वजन बरोबर भरलं, हे वाक्य तर बाबांनी तिन्ही वेळा आवाज चढवून म्हटलं. ताईला सबंध प्रकरण मिळालं. फोनवर तिला सांगितलं तर म्हणाली, ‘‘अरे, तुझं काय आलंय?’’

‘‘येतंय,’’ मी म्हणालो.

आलं. एका दुपारी बाबा त्यांच्या बदलीबद्दल सांगत होते. नवं कार्यालय, फुटका काटा, खडूस साहेब. आणि मध्येच म्हणाले, ‘‘त्या वर्षी मला मुलगा झाला. पुढे, त्या साहेबाचं काय झालं...’’

मी पेन उचलून धरलं. ‘‘बाबा, ते मुलाचं...’’

‘‘लिहिलंस ना? मग पुढे चल.’’

मी मनाशी म्हटलं, अजून दोन खेपा आहेत. दुसऱ्या खेपेला फुटेल काहीतरी. दुसऱ्या खेपेला साहेब आला, काटा आला, कार्यालयातली गळकी घागरसुद्धा आली. मुलगा आला नाही. तिसऱ्या खेपेलाही नाही. नियमाने बघितलं तर माझी ती एक ओळही बाद व्हायला हवी होती. मी ती बाद केली नाही. तेवढा मी धूर्त आहे.

पण आतून भडका उडाला होता, आणि अशा भडक्यात तेल ओतायला आमच्या वरच्या मजल्यावर एक वकील राहतात. वकिली बंद होऊन बरीच वर्षं झाली, सल्ला चालू आहे. जिन्यात मला गाठून म्हणाले, ‘‘मास्तर, ऐकलं ते खरं का? अक्षर तुमचं, कागद तुमचा, मेहनत तुमची, आणि नाव काकांचं?’’

‘‘आत्मचरित्र आहे ते त्यांचं.’’

‘‘कसलं आत्मचरित्र? आत्मचरित्र म्हणजे काय? तुम्हीच शिकवता ना! माझ्या नातवाला तुम्हीच शून्य दिलं होतं त्यात. स्वतः लिहिलं तर आत्मचरित्र. इथे लिहितंय कोण? तुम्ही. म्हणजे हे चरित्र. लेखक तुम्ही. काका नुसते नायक.’’

माझ्याच उत्तरपत्रिकेने माझा कान धरला होता. आणि खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. पुस्तकावर आपलं नाव असावं ही इच्छा मला आहे. आजवर माझ्या नावाने फक्त मार्गदर्शक उत्तरं छापून आली, आणि त्यातही प्रकाशकाने नावाऐवजी ‘एक अनुभवी शिक्षक’ असं छापलं.

संध्याकाळी मी बाबांना सांगितलं, ‘‘बाबा, शब्दाचा अर्थ बघता हे आत्मचरित्र होत नाही. हे चरित्र आहे.’’

‘‘आयुष्य कोणाचं?’’

‘‘तुमचं.’’

‘‘बोलतंय कोण?’’

‘‘तुम्ही. पण लिहितोय मी.’’

‘‘काट्यावर माल ठेवतो दुकानदार, आकडा दाखवतो काटा. म्हणून दुकान काट्याचं होत नाही.’’

मला काटा म्हटलं. सख्ख्या बापाने. स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, ‘‘अहो, बरोबर आहे बाबांचं.’’ घरात फितुरी असेल तर बाहेरच्या वकिलाचा काय उपयोग?

वाद मिटावा म्हणून मी सरकारी दारात गेलो. आमच्या गावच्या सार्वजनिक ग्रंथालयाची एक योजना आहे, ज्येष्ठ नागरिकांची पुस्तकं ते छापून देतात. म्हटलं, तेच ठरवतील हे काय आहे ते. आगीतून उठून फुफाट्यात जाणं म्हणतात ते हेच. तिथे दोन खिडक्या होत्या. एकीवर ‘आत्मचरित्र’, दुसरीवर ‘चरित्र’. मधल्या भिंतीवर ‘शांतता राखा’.

पहिल्या खिडकीतल्या बाईंनी वह्या उलटून पाहिल्या. ‘‘अक्षर कोणाचं?’’

‘‘माझं.’’

‘‘आयुष्य?’’

‘‘वडिलांचं.’’

‘‘मग आत्मचरित्र नाही हो होत, सर. आत्मचरित्र म्हणजे स्वतः लिहिलेलं. लेखकाने इथे बसून आमच्यासमोर एक पान लिहून दाखवायचं असतं, अक्षर जुळवून बघतो आम्ही. मागे एका गृहस्थांनी शेजाऱ्याचं आत्मचरित्र आणून दिलं होतं. शेजाऱ्याला पत्ताच नव्हता.’’ असं म्हणून त्यांनी मला आत्मचरित्राची व्याख्या उदाहरणासह समजावून सांगितली. मला! मी त्यांना पाचपैकी चार दिले असते.

दुसऱ्या खिडकीवरचे गृहस्थ प्रेमळ होते. ‘‘चरित्र? वा! नायकाचा मृत्यूचा दाखला जोडलाय का?’’

‘‘ते जिवंत आहेत.’’

त्यांचा चेहरा पडला. ‘‘अरेरे.’’

‘‘अरेरे काय?’’

‘‘नाही, म्हणजे नियम आहे. चरित्रनायक हयात नसावा. हयात माणसांची चरित्रं छापली की ते स्वतः येतात भांडायला. फार त्रास झालाय पूर्वी. वय काय आजोबांचं?’’ मी वय सांगितलं. ते जरा सावरले. ‘‘योजना काही इतक्यात बंद होत नाही. तुम्ही घाई करू नका.’’

मी तिथे काय बोललो ते इथे लिहिता येणार नाही. ‘शांतता राखा’च्या पाटीखाली शिपाई येऊन उभा राहिला एवढंच सांगतो. एक खिडकी म्हणते बापाने लिहायला पाहिजे, दुसरी म्हणते बापाने मरायला पाहिजे. बापाने फक्त बोलायचं ठरवलं तर त्याला ह्या देशात खिडकीच नाही!

घरी येऊन मी हे सगळं तणतणत सांगितलं. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘मग? माझ्याकडून काय अपेक्षा आहे तुझी?’’ बायकोने माझ्याकडे असं बघितलं, जणू नियम मीच केला होता. तेवढ्यात वरचे वकील खाली आले, त्यांनी सगळं ऐकलं आणि कायदेशीर सल्ला दिला, ‘‘थोडं थांबावं.’’ त्या दिवसापासून बाबा त्यांच्याशी बोलत नाहीत. ते आले की बाबा मोठमोठ्याने श्वास घेतात.

दुसऱ्या दिवशी बाबा धुतलेला सदरा घालून दारात उभे. ‘‘चल. मी हयात आहे हे त्यांना दाखवून येऊ.’’

ग्रंथालयात ते खिडक्यांकडे गेलेच नाहीत. दाराशी टपालाचं टेबल होतं, त्यावर पाकिटं तोलायचा छोटा काटा. बाबा तिथे थबकले. खिशातून एक वजन काढलं. होय, तेच, ताईने गिळलेलं. निवृत्त होताना ते त्यांना आठवण म्हणून दिलं होतं, आणि ते कुठून जाऊन आलंय हे कार्यालयालाही ठाऊक असल्यामुळे कोणी नाही म्हटलं नव्हतं. बाबांनी ते काट्यावर ठेवलं. उचललं. परत ठेवलं. तिसऱ्यांदा ठेवलं. मग खणखणीत आवाजात म्हणाले, ‘‘काटा खोटा आहे! जप्त!’’

‘शांतता राखा’चं काही चाललं नाही. दोन्ही खिडक्यांतून माना बाहेर आल्या, वाचनकक्षातली माणसं बोटं पानांत घालून उठली, आणि आतल्या खोलीतून ग्रंथपाल धावत आले. काटा काखोटीला मारून चाललेल्या बाबांना त्यांनी हातापाया पडून आत नेलं, चहा मागवला आणि एकदाचं विचारलं की काम काय आहे. मी वह्या ठेवल्या. दोन वाक्यांत सांगितलं.

ग्रंथपाल हसले. ‘‘अहो, एवढंच ना? आत्मचरित्रच आहे हे. खाली ‘शब्दांकन’ असं लिहून, ज्यांनी लिहून घेतलं त्यांचं नाव घाला. बोलणारा लेखक, लिहिणारा शब्दांकनकार. सर, तुम्ही भाषा शिकवता ना? हा शब्द तुम्हाला माहीत असेलच.’’

माहीत होता! न माहीत असायला काय झालं? पण रागात माणसाला स्वतःचं नाव आठवत नाही, तिथे शब्दांकन कुठून आठवणार? एवढा अपमान माझा त्या दुसऱ्या खिडकीनेही केला नव्हता. पण असो. नाव तर छापून येणार होतं. छोट्या टायपात का होईना.

शेवटची शुद्ध प्रत करायला बसलो तेव्हा पुस्तक पहिल्यापासून सलग वाचलं. आईचा भाग चांगला होता. ती जाऊन बरीच वर्षं झाली, पण ‘घरात काटा आणलात तर मी माहेरी जाईन’ हे तिचं वाक्य तिन्ही वेळा कानामात्रेसकट जुळलं होतं. ताई होती. मांजर होतं. गळकी घागर होती, तिला सात ओळी. आणि मी, ‘त्या वर्षी मला मुलगा झाला.’ घागरीपेक्षा कमी. घागर निदान गळत तरी होती. मी काही गिळलं नाही, कुठे गळलो नाही, जांभई दिली नाही, हाच माझा गुन्हा.

मी पेन उचललं आणि त्या ओळीखाली माझं एक प्रकरण लिहून काढलं. निबंधाचं बक्षीस, बाबांच्या डोळ्यांत उभे राहिलेले अश्रू, पाठीवरून फिरलेला हात. सगळं झकास. भाषा तर काय विचारता.

बाबांनी प्रत वाचून घ्यायला सुरुवात केली. डोळे मिटून ऐकत होते. मी तो भाग भरभर वाचून पुढे सटकायला बघत होतो. त्यांनी हात वर केला.

‘‘हे मी कधी सांगितलं?’’

‘‘नाही सांगितलंत. म्हणूनच लिहिलं.’’

‘‘काढून टाक.’’

आणि मग मात्र मी उभा राहिलो. आवाज इतका चढला की वर वकिलांच्या घरात टीव्ही बंद झाला. ‘‘का काढू? मांजराला अर्धं पान, घागरीला सात ओळी, आणि मला एक! ताईचं तीनदा सांगितलंत. आईचं तीनदा सांगितलंत. त्या खडूस साहेबाच्या टकलाचंसुद्धा तीनदा सांगितलंत! माझं एकदा. एकदाच! दुसऱ्यांदा तोंडातून मुलगा हा शब्दसुद्धा निघाला नाही तुमच्या. इतका नकोसा होतो, तर तेवढं एकदा तरी कशाला सांगितलंत? सगळंच फाडा!’’

बायको दारात येऊन उभी राहिली. ह्या वेळी ती ‘बरोबर आहे बाबांचं’ म्हणाली नाही.

बाबांनी डोळे उघडले. मला वाटलं आता ओरडतील. ते नुसते बघत राहिले, काट्याचा हेलकावा थांबायची वाट बघावी तसे.

‘‘तीनदा कशाला तपासतात?’’ त्यांनी विचारलं.

‘‘मला काय ठाऊक! तुमचा नियम आहे.’’

‘‘संशय असतो म्हणून तपासतात. मेण होतं की चिंच, संशय. साहेब खरंच खडूस होता की मला तसा वाटला, संशय. मला मुलगा झाला, ह्यात कसला संशय? कशाला तीनदा सांगू?’’

‘‘आणि मग पुढे? तो मुलगा कसा होता, काय होता, ते?’’

‘‘ते इथेच आहे की. समोर बसून लिहितंय.’’ आणि मग चिडून, ‘‘उगाच डोळ्यांत अश्रू घालू नकोस माझ्या. नव्हते. बाकी काय ते होतं. वाच पुढे.’’

मी रागावलेलाच होतो. हे काय उत्तर झालं? एवढ्या वर्षांनी माणसाला एक कौतुकाचा शब्द ऐकायचा असतो, त्याला वजनमापे खात्याचा नियम ऐकवायचा? पण मी ते प्रकरण काढलं. आणि पुढचं पान वाचताना माझा आवाज नीट लागेना, तो ओरडून बसला होता म्हणून.

ग्रंथालयाचा छापील अर्ज आला, तो बाबांनी स्वतः भरायला घेतला. ‘‘सही माझी लागणार, तर माहितीही मीच भरणार.’’ सकाळभर ते एकेक अक्षर कोरत होते. मला जवळ येऊ दिलं नाही. पाकीट बंद करून त्यांनीच पेटीत टाकलं.

पुस्तक छापून आलं. मुखपृष्ठावर काटा, वर बाबांचं नाव, त्याखाली मोठ्या अक्षरांत ‘आत्मचरित्र’. आणि अगदी खाली, छोट्या टायपात, ‘शब्दांकन : मुलगा’.

मुलगा! नाव नाही, आडनाव नाही. मी ग्रंथालयात फोन लावला, मुद्रकाची चूक म्हणून फैलावर घेतलं. त्या आत्मचरित्राच्या खिडकीतल्या बाई म्हणाल्या, ‘‘अहो सर, आजोबांनी अर्जावर तसंच लिहिलंय. आम्ही फोनही केला होता त्यांना, की नाव हवं. ते म्हणाले, एकच आहे, मुलगा म्हटलं की पुरे.’’

मी फोन ठेवला. बाबा समोर पुस्तक तळहातावर घेऊन त्याचं वजन अजमावत होते. मी त्यांना चार शब्द सुनवायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात बेल वाजली. वरचे वकील. पुस्तकाचा वास त्यांना जिन्यात आला असावा. बाबांनी मोठ्याने श्वास घ्यायला सुरुवात केली.

वकिलांनी मुखपृष्ठ चष्म्याजवळ नेलं, लांब धरलं, आणि समाधानाने मान हलवली. ‘‘बघा मास्तर, मी म्हणालो नव्हतो? शेवटी गंडवलं की नाही तुम्हाला? नुसतं ‘मुलगा’! ह्याला काही अर्थ आहे का? कोणाचा मुलगा, कुठला मुलगा, वाचणाऱ्याने ओळखायचं कसं? उद्या कोणीही उठेल आणि म्हणेल, तो मुलगा मी!’’

एवढे दिवस साठलेला राग, दोन खिडक्या, मांजर, घागर, पोकळ पेला, सगळं एकदम वर आलं. मी त्यांच्या हातातून पुस्तक हिसकावून घेतलं.

‘‘कोण म्हणेल? कोणाची हिंमत आहे? तुम्हाला संशय आहे का काही?’’

वकील दोन पायऱ्या मागे सरकले. मी दार लावून घेतलं. आत बाबांचा श्वास पुन्हा नेहमीसारखा चालू झाला होता.